अनोळखी मुलुखात भाड्याच्या गाडीने : नांदेड, हिमायतनगर ते निर्मल

प्रतिनिधी, हिमायतनगर

पर्यटन कंपनीच्या बसमधून ठरलेल्या वेळी उतरायचे, ठरलेल्या वेळी चढायचे, या पद्धतीला कंटाळलेल्या शहरी कुटुंबांचा कल अलीकडे स्वतःची सहल स्वतः आखण्याकडे आहे. रेल्वेने एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी उतरायचे, तेथे चालकासह गाडी ठरवायची आणि चार दिवस आपल्या मर्जीने फिरायचे, हा त्यातील सोयीचा मार्ग. मात्र मुलुख अनोळखी असेल तर गाडीपेक्षा चालकाची निवड महत्त्वाची ठरते. पैनगंगेच्या काठचा हिमायतनगर–किनवट–माहूर हा पट्टा आणि त्याला लागून असलेला तेलंगणाचा सीमाभाग यांच्या अनुषंगाने या प्रवासाची ही सविस्तर माहिती.

मुलुख कोणता?

नांदेड जिल्ह्याचे सोळा तालुके आहेत. त्यांपैकी हिमायतनगर, किनवट आणि माहूर हे उत्तर व ईशान्य टोकाचे तालुके मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला फारसे परिचित नाहीत. माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनासाठी लाखो भाविक येतात. पण दर्शन आटोपले की बहुतेक जण आल्या वाटेने परत फिरतात. वाटेतला प्रदेश पाहायचा राहून जातो.

या प्रदेशाची घडण समजून घेतली तर प्रवास अधिक अर्थपूर्ण होतो. पैनगंगेच्या दक्षिणेचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तर तीरावरचा वऱ्हाड ब्रिटिशांच्या आणि नंतर स्वतंत्र भारताच्या मध्य प्रांतात होता. म्हणजे आज आपण पुलावरून सहज ओलांडतो ती नदी त्या काळी एका राजवटीची सीमा होती. मुक्तिसंग्रामात संस्थानाच्या हद्दीबाहेर अशा सीमांवरच आंदोलकांची शिबिरे उभी राहिली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, तर नांदेडमधला मुधोळचा भाग आंध्र प्रदेशात गेला. २ जून २०१४ पासून तो भाग तेलंगणात आहे.

सीमारेषा अशा सरकत राहिल्या. माणसे मात्र जागीच राहिली. त्यामुळे या पट्ट्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी उर्दू एकाच बाजारात कानावर पडतात. आदिलाबाद परिसरात मराठी समजणारे लोक भेटतात. पण पुढे निर्मलकडे जाताना दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात आणि शहरी पाहुण्याला चालकाचा आधार वाटू लागतो.

गाडी कोठून घ्यावी?

पुण्या-मुंबईहूनच गाडी न्यावी, की नांदेडला उतरून स्थानिक गाडी घ्यावी, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर हिशेबात आहे.

बाहेरगावच्या प्रवासाचे भाडे साधारणपणे किलोमीटरवर असते. त्याबरोबर ‘दिवसाला किमान इतके किलोमीटर’ अशी अट असते. ही किमान मर्यादा बहुधा २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. गाडी त्याहून कमी धावली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. शिवाय अंतर ‘गॅरेज टू गॅरेज’ मोजले जाते, म्हणजे गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत दारात पोहोचेपर्यंत. चालकाचा रोजचा भत्ता, टोल, पार्किंग आणि परराज्याचा कर हे वेगळे.

हिशेब कळावा म्हणून काल्पनिक दर घेऊ. किलोमीटरला १४ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि चालकाचा भत्ता दिवसाला ४०० रुपये. नांदेडहून चार दिवसांची फेरी सुमारे ६०० किलोमीटरची होते. तरी किमान अटीनुसार १,२०० किलोमीटरचे १६,८०० रुपये आणि भत्त्याचे १,६०० रुपये असे १८,४०० रुपये होतील. हीच गाडी पुण्याहून नेली तर जाण्यायेण्याचे दोन दिवस वाढतात. सहा दिवसांचे किमान १,८०० किलोमीटर धरून २५,२०० रुपये आणि भत्ता २,४०० रुपये, एकूण २७,६०० रुपये. फरक ९,२०० रुपयांचा. पुणे–नांदेड हे सुमारे ४५० किलोमीटरचे अंतर गाडीत बसून काढण्याचा शीण वेगळाच.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. अंतर कमी आणि थांबे जास्त असलेल्या सहलीत किमान किलोमीटरची अट पर्यटकाला महाग पडते. येथे प्रत्यक्ष धावेच्या दुप्पट पैसे मोजावे लागत आहेत. म्हणून अशा फेरीसाठी ‘गाडीचे दिवसाचे भाडे इतके आणि डिझेल आपले’ या पद्धतीने ठरवता येते का, हे विचारावे. तालुक्याच्या गावी ही पद्धत रूढ आहे. निघताना टाकी पूर्ण भरून घ्यावी आणि परतल्यावर पुन्हा पूर्ण भरून द्यावी, म्हणजे वाद उरत नाही.

स्थानिक गाडीचा खरा लाभ पैशापलीकडचा आहे. कोणत्या ओढ्यावरचा पूल पावसात बुडतो, कोणत्या फाट्यानंतर पेट्रोल पंप नाही, कोणता रस्ता कामासाठी उखडलेला आहे, हे मोबाईलच्या नकाशाला नेहमीच ठाऊक नसते. भोकर, हिमायतनगर किंवा किनवटच्या चालकाला ते ठाऊक असते.

पिवळी पाटी पाहूनच

गाडी ठरवताना सर्वांत आधी नंबरप्लेट पाहावी. भाड्याने चालणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी असते व तिच्यावर काळी अक्षरे असतात. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी असते. वीजेवर चालणाऱ्या गाडीची प्लेट हिरवी असते. तीवरची अक्षरे पिवळी असतील तर ती भाड्याची, पांढरी असतील तर खासगी.

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी थोड्या कमी पैशांत मिळते. लहान गावांत हा व्यवहार सर्रास चालतो. तो बेकायदा आहे. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ही शिक्षा गाडीवाल्याला होईल, आपल्याला काय, असे वाटणे साहजिक आहे. मात्र खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि गाडी पैसे घेऊन चालवली जात होती हे उघड झाले, तर विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते. मग जखमी प्रवाशाच्या वाट्याला भरपाईपूर्वी कोर्टाच्या खेपा येतात. दोन-तीन हजार रुपयांच्या बचतीसाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

गाडीचा क्रमांक मिळाला की ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर तिचा वर्ग, विम्याची मुदत आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहता येते. चालकाचा परवाना, आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट या पाच कागदांची विचारणा निघण्यापूर्वी नम्रपणे करावी. प्रामाणिक गाडीमालकाला त्याचा राग येत नाही.

राज्याची सीमा ओलांडताना

फेरीत तेलंगणा असेल तर गाडीला अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे का, हे आधीच विचारावे. १ एप्रिल २०२१ पासून हे परमिट ऑनलाइन मिळण्याची सोय झाली आणि २०२३ मध्ये त्याचे सुधारित नियम आले. या परमिटच्या शुल्कातच राज्यांचा कर समाविष्ट असतो. सीमेवर वेगळा कर भरावा लागत नाही. केवळ महाराष्ट्राचे परमिट असलेल्या गाडीला मात्र तात्पुरता परवाना काढून तेलंगणाचा कर भरावा लागतो. तो कोण भरणार, हे आधी ठरले नसेल तर आदिलाबादच्या वाटेवर गाडी थांबते आणि घासाघीस सुरू होते.

परदेशातही तत्त्व हेच. नेपाळमध्ये भारतीय गाडी न्यायची तर सीमेवरच्या भन्सार कार्यालयात म्हणजे जकात नाक्यावर दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून कागद घ्यावा लागतो. हद्द देशाची असो वा राज्याची, कागदाचा प्रश्न घरातून निघण्यापूर्वी सुटलेला असावा.

चार दिवसांची फेरी

*पहिला दिवस* : नांदेड–भोकर–हिमायतनगर–सहस्रकुंड–किनवट. आदल्या दिवशी नांदेडला पोहोचून सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाराचे दर्शन घ्यावे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये येथेच देह ठेवला; आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. सकाळी निघाल्यावर भोकरमार्गे सुमारे ८० किलोमीटरवर हिमायतनगर येते. गावाचे जुने नाव वाढोणा. येथील श्री परमेश्वर मंदिर हे पंचक्रोशीचे श्रद्धास्थान असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गाव मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर असल्याने थेट येथे उतरून गाडी घेण्याचाही पर्याय आहे. पुढे इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा लागतो. एका तीरावर नांदेडचा किनवट तालुका, दुसऱ्या तीरावर यवतमाळचा उमरखेड तालुका. काळ्या कातळातून अनेक धारांनी पाणी कोसळते ते पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत; उन्हाळ्यात येथे केवळ खडक दिसतो. शेवाळलेल्या कातळावर जाण्याचा मोह टाळावा. मुक्काम किनवटला. सोय साधी असते, हे गृहीत धरावे.

*दुसरा दिवस* : किनवट–उनकेश्वर–माहूर. सागवानाच्या जंगलातून हा रस्ता जातो. उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आणि शिवमंदिर आहे. दुपारपर्यंत माहूरला पोहोचता येते. साडेतीन शक्तिपीठांपैकी पूर्ण पीठ असलेले रेणुकादेवीचे मंदिर, दत्तशिखर, अनसूया मंदिर, माहूरचा किल्ला आणि पांडवलेणी पाहायला अर्धा दिवस अपुराच पडतो. नवरात्र, दत्तजयंती अशा यात्राकाळात गडावरच्या वाहतुकीवर निर्बंध असतात. त्या दिवसांत जायचे असल्यास गाडी पायथ्याशी ठेवावी लागेल, हे चालकाशी आधी बोलून घ्यावे.

*तिसरा दिवस* : माहूर–किनवट–आदिलाबाद–कुंटाला–निर्मल. फेरीतला हा सर्वांत लांबचा, सुमारे २१५ किलोमीटरचा टप्पा. आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेकडे निघाल्यावर नेरडीगोंडाजवळून कुंटाला धबधब्याकडे रस्ता फुटतो. कडम नदीवरचा हा धबधबा तेलंगणातील सर्वांत उंच मानला जातो. बऱ्याच पायऱ्या उतरून खाली जावे लागते; गुडघेदुखी असलेल्यांनी वरूनच पाहावे. डोहात उतरू नये. या पट्ट्यातील गोंड समाजाची नागोबा जत्रा पौष महिन्यात इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे भरते. त्या सुमारास सहल असेल तर वाट वाकडी करायला हरकत नाही.

*चौथा दिवस* : निर्मल–भैंसा–बासर–नांदेड. निर्मलची हलक्या लाकडाची रंगीत खेळणी प्रसिद्ध असून त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्यानंतर गोदावरीकाठच्या बासर येथे ज्ञानसरस्वतीचे मंदिर. लहान मुलांच्या अक्षरारंभासाठी मराठवाड्यातूनही अनेक कुटुंबे येथे येतात. सायंकाळपर्यंत नांदेड गाठता येते.

आणखी दोन दिवस हाती असतील तर दक्षिणेचा वेगळा फेरा जोडता येईल. राष्ट्रकूटकालीन वारसा असलेला कंधारचा किल्ला, देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्य शैलीची मंदिरे आणि लातूर जिल्ह्यात १७६० च्या मराठे–निजाम लढाईशी नाव जोडले गेलेले उदगीर, ही त्यातली ठिकाणे.

चालक किती तास जागा आहे?

सहलीची आखणी करताना पर्यटक आपल्या जेवणाची, खोलीची, गरम पाण्याची चौकशी करतो. चालक रात्री कोठे झोपणार, हे फार थोडे जण विचारतात. अनेकदा तो गाडीतच पाय दुमडून रात्र काढतो आणि पहाटे पाचला पुन्हा चाकामागे बसतो. त्याच गाडीत आपली मुले आणि आईवडील बसलेले असतात.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. चालकाचा थकवा या आकड्यामागे किती, हे मोजणे कठीण. कारण डुलकीची नोंद पंचनाम्यात होत नाही, ‘वाहनावरील ताबा सुटला’ एवढीच होते.

चालकाच्या कामाच्या तासांचा विचार कायद्याने पूर्वीच केला होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. स्वतःची एकच गाडी चालवणारा तालुक्याच्या गावचा चालक त्या चौकटीबाहेरच राहिला. त्याच्या तासांची काळजी घेणारा, सहलीपुरता तरी, प्रवासीच असतो.

श्रीलंकेत चालकासह गाडी घेऊन देश पाहण्याची पद्धत चांगली रुळली आहे. तेथील सरकारी पर्यटन प्राधिकरण चालक-मार्गदर्शकांना परवाने देते, आणि अनेक हॉटेलांत पाहुण्यांबरोबर आलेल्या चालकासाठी झोपण्याची व जेवणाची वेगळी सोय असते. आपल्याकडे काही भक्तनिवासांत आणि लॉजवर अशी सोय होऊ शकते. पण ती मागावी लागते. खोली ठरवतानाच ‘चालकासाठी एक खाट’ असे सांगावे. तीन रात्रींचा हा खर्च एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाहून फार मोठा नसतो.

चालकासंबंधी पुढील बाबी पाळल्यास प्रवास सुखरूप होतो :

– दिवसाचे चालवणे आठ तासांच्या आत ठेवावे. दर दोन-अडीच तासांनी थांबावे.

– रात्री दहानंतर आणि पहाटे पाचपूर्वी रस्त्यावर असू नये. जंगलपट्ट्यात तर सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

– दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास विश्रांती द्यावी. या वेळीही डुलकीचा धोका असतो.

– भाड्याच्या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. ‘जरा दाबा’ असा आग्रह धरू नये. नकाशा दाखवतो त्यापेक्षा दीडपट वेळ धरावा.

– मागच्या आसनावरही पट्टा लावणे बंधनकारक आहे. पट्टे आसनाखाली दडवलेले असतील तर पहिल्याच दिवशी काढून घ्यावेत.

– जेवायला बसताना चालकाने जेवण केले का, हे विचारावे. त्याचा भत्ता रोजच्या रोज हाती द्यावा. शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

– संबोधन आदराचे असावे. या भागात वयाने मोठ्या चालकाला ‘मामा’, ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणतात. नाव घेऊन एकेरी हाक मारणे खटकते.

करार तोंडी, नोंद लेखी

गावाकडचा व्यवहार शब्दावर चालतो. तरीही निघताना गाडीच्या मीटरवरील किलोमीटरचा आकडा मोबाईलवर टिपून ठेवावा. दर, किमान किलोमीटर, भत्ता, टोल, कर, आगाऊ रक्कम आणि गाडी बिघडल्यास पर्यायी गाडी कोण देणार, हे सात मुद्दे एका संदेशात लिहून मालकाला पाठवावेत आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर घ्यावे. पुढे मतभेद झाला तर हा संदेशच उपयोगी पडतो. गाडी ठरवणारा आणि चालवणारा वेगवेगळे असतील, तर चालकालाही तो वाचून दाखवावा. मालकाने दिलेले वचन अनेकदा चालकापर्यंत पोहोचलेलेच नसते.

किनवटच्या जंगलात मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, थोडी रोकड जवळ ठेवावी आणि त्या दिवसाचा मार्ग घरी कळवून निघावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर मदत मागता येते.

पावसाळ्यात या भागातील ओढे-नाले तासाभरात भरतात. पुलावरून पाणी वाहत असताना चालकाने थांबायचे म्हटले तर थांबावे. आरक्षण बुडेल, गाडी चुकेल, हे कारण त्या वेळी पुढे करू नये. अनोळखी मुलुखात ज्याला वाट ठाऊक आहे त्याचे ऐकायचे असते, आणि त्यासाठी तर त्याला सोबत घेतलेले असते. म्हणून सहलीच्या आखणीत ठिकाणांची यादी करण्यापूर्वी चालकाशी एकदा स्वतः बोलावे. हा रस्ता त्याने याआधी किती वेळा केला, शेवटचा केव्हा केला आणि आपल्या सहलीच्या आदल्या रात्री त्याची गाडी कोठे असेल, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘दुसऱ्या भाड्यावर’ असे आले, तर निघण्याची वेळ काही तास पुढे ढकलावी आणि त्याला झोपू द्यावे.